जुनी गाडी : पांढरा टॅग, लाल टॅग

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाज ऑटोने पल्सर १५० आणि १८० बाजारात आणल्या. तोवर लांबच्या प्रवासाची मोटरसायकल म्हणजे बुलेट, नाहीतर जपून ठेवलेली येझदी. बाकी बहुतेक गाड्या ॲव्हरेज बघून घ्यायच्या, असा आपल्याकडचा हिशेब होता. चाकणला तयार होणाऱ्या पल्सरने तो मोडला. त्याच चाकणमधून पुढे जानेवारी २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक आली, २०१३ मध्ये ३९० ड्यूक, १५ डिसेंबर २०१६ रोजी डॉमिनार ४००, जानेवारी २०२० मध्ये ३९० ॲडव्हेंचर आणि २०२३ मध्ये ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या. दुसऱ्या मालकाच्या शोधात असलेल्या टूरिंगच्या गाड्यांमध्ये यांचा भरणा मोठा आहे. हिमालयन चेन्नईकडून येते, हे खरं. पण निगडी, भोसरी किंवा मोशीत राहणारा माणूस सेकंडहँड गाडी बघायला निघतो, तेव्हा ती गाडी जिथे तयार झाली ते ठिकाण बहुधा त्याच्या घरापासून तासाभराच्या आत असतं.

गाडीच काय, तिचे भागही इथलेच. ब्रेम्बोचा ब्रेकचा कारखाना चाकणला आहे. एन्ड्युरन्स आणि गॅब्रिएल या शॉकॲब्सॉर्बर बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखानेही चाकणलाच आहेत. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये बुश, स्पेसर, ब्रॅकेट रोज कापले जातात. त्यामुळे इथल्या रायडर मंडळींत असेंब्ली लाइनवरचे, टूलरूममधले, क्वालिटीतले, मेंटेनन्समधले लोक भरपूर असतात. आठवडाभर दुसऱ्यासाठी यंत्र तपासणारा माणूस सुटीच्या दिवशी स्वतःची गाडी मात्र एजंटच्या शब्दावर घेतो, हे मला फार खटकतं. जी शिस्त कारखान्यात हाताला लागली आहे, तीच जुन्या गाडीला लावावी, एवढंच या प्रकरणाचं म्हणणं आहे.

ती शिस्त म्हणजे टीपीएम, टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स. १९७१ च्या सुमारास जपानच्या निप्पॉनडेन्सो कंपनीत ती आकाराला आली. आपल्याकडे तिचा प्रसार सीआयआय या उद्योगसंघटनेने केला आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या शॉपफ्लोअरवर ती आता रोजच्या बोलण्यात आहे. तिचा पाया जिशु होझेन, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘जेएच’. यंत्र बिघडलं की मेंटेनन्सवाल्याला हाक मारायची, ही जुनी सवय सोडून यंत्र चालवणाऱ्यानेच ते पुसायचं, तेल द्यायचं, बोल्ट बघायचे. पुसता पुसता तडा दिसतो, तेलाचा ओघळ दिसतो, सैल नट हाताला लागतो. आपल्याकडे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी यंत्रं घासूनपुसून काढतात, तेव्हाही वर्षभर लपलेली गळती अशीच सापडते. जेएचमध्ये सापडलेल्या दोषावर टॅग लावतात. ऑपरेटरला स्वतः दुरुस्त करता येईल त्यावर पांढरा, मेंटेनन्सच्या माणसाची गरज असेल त्यावर लाल. जुनी मोटरसायकल बघताना मनात हे दोनच रंग ठेवा. पांढऱ्या टॅगांना घाबरू नका, ती घासाघीस करायची सोय आहे. लाल टॅग किती निघतात त्यावर गाडी घ्यायची की नाही ते ठरवा.

विकणारा पहिली गोष्ट सांगतो ती किलोमीटरची. ‘फक्त बारा हजार चालली आहे, सिंगल हँडेड.’ या आकड्याला आपण अवाजवी मान देतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत, पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून रोज कामावर नेलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर १२ हजार किलोमीटर होईपर्यंत इंजिन ८०० तास फिरलेलं असतं. आणि ताशी ६० च्या सरासरीने हायवेवर ४० हजार चाललेल्या गाडीचं इंजिन साधारण ६६७ तास फिरलेलं असतं, तेही वारा लागत, एका तापमानाला, क्लचला जवळजवळ हात न लावता. शिवाय त्या बारा हजारांत मोशी-चाकणची धूळ एअर फिल्टरमध्ये गेलेली असते ती वेगळीच. नीट देखभाल केलेलं इंजिन अंतराला घाबरत नाही. डॉमिनार ४०० घेऊन आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत गेलेल्या भारतीय रायडरांनी ९९ दिवसांत ५१ हजार किलोमीटरचा पल्ला गाठला होता. तेव्हा आकडा वाचण्याआधी विचारा : गाडी रोज कुठून कुठे जायची? तेल कधी बदललं? बिलं आहेत का?

बघायला एकट्याने जाऊ नये. आपल्याला गाडी आवडलेली असते आणि आवडलेल्या गाडीत डोळ्यांना दोष दिसत नाही. तिघं असावेत. एकाने गाडी बघायची, एकाने ऐकायची, एकाने कागद वाचायचे. ज्याचा पैसा जाणार आहे त्याने शक्यतो गप्प राहायचं.

आधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनच्या कव्हरला हात लावून बघा, ते गार हवं. गार इंजिन एका सेल्फवर उठतं का, उठताना टायमिंग चेनची खरखर येते का, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो का, हे त्या पहिल्या मिनिटातच कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिनमध्ये ऑइल जळतंय : पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलेलं. लाल टॅग. रेडिएटर असलेल्या गाडीत, इंजिन गार असतानाच, कूलंटचं झाकण उघडा. त्यात तेलाचा तवंग असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर बाकीचं काही न बघता आभार मानून परत या.

मग पडझड. गाडी कधीतरी पडलेली असतेच, टूरिंगची तर नक्की. लीव्हरची टोकं, फुटरेस्टची टोकं, सायलेन्सरची कड घासलेली असेल तर तो पांढरा टॅग. पण हँडल पूर्ण वळलं की जिथे अडतं, तो फ्रेमवरचा स्टॉपर चेपलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला, तर पुढून मोठा मार बसला आहे असं समजा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला आहे. तो बदलता येतो, पण त्याच्यासोबत फोर्क सरळ आहेत का हेही तपासून घ्यायला हवं. फोर्कच्या नळीवर तेलाची ओली रेघ असेल तर ऑइल सील गेलं.

टूरिंगच्या गाडीची एक खास जागा आहे, जी सामान्य मेकॅनिक बघत नाही : मागची सबफ्रेम. वर्षानुवर्षं टॉपबॉक्स, सॅडलबॅग, डबलसीट आणि खड्डे यांचा भार ती घेते. कॅरिअर जिथे बोल्टने बसवलेलं असतं तिथल्या वेल्डजवळ केसासारखा तडा जातो. सीट काढा, मोबाइलचा टॉर्च लावा, कापडाने पुसा आणि मगच बघा. सीट निघालीच आहे तर वायरिंगही बघा. जादा दिवे लावलेले असतात. त्यांना वेगळा रिले आणि फ्यूज आहे, की हेडलाइटची वायर सोलून जोड मारून वर टेप गुंडाळली आहे? दुसरा प्रकार असेल तर पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा माळशेजमध्ये गाडी अंधारात बंद पडण्याची व्यवस्था आधीच्या मालकाने करून ठेवली आहे.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि ओल्या घाटात ते पकड सोडतं. गाडी २०२१ ची, मीटरवर नऊ हजार, आणि टायर मात्र २०२४ चे, असं दिसलं तर मीटरबद्दल शंका घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअर खिशात असेल, आणि आपल्याकडे तो असणारा मित्र सापडतोच, तर मोजून बघा.

एबीएसबद्दल माझं मत ठाम आहे. १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही गाड्या एबीएससह आणि एबीएसशिवाय, दोन्ही रूपांत विकल्या गेल्या. पहिली डॉमिनार १ लाख ३६ हजारांना एबीएसशिवाय आणि दीड लाखाला एबीएससह होती. आज सेकंडहँडमध्ये तो फरक आणखी कमी पडतो. सह्याद्रीच्या पावसात फिरायचं असेल तर बिनएबीएसची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नये.

आता कागद. इथे रायडर मंडळीच सर्वांत गाफील असतात, कारण ‘आपलाच मित्र आहे, करू सावकाश’. गाडी विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० भरायचा असतो; कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या ना-हरकतीसोबत फॉर्म ३५. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. ते न केल्यास काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. त्यातली गाडी विकली गेली, मग पुढे अनेक हात बदलले, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच माणसाकडे होती. पण आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच राहिलं होतं, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मित्राला गाडी देताना कागद टाळणं ही मैत्री नव्हे. तो दोघांच्याही गळ्यातला फास आहे.

विम्याचंही तसंच. गाडीसोबत थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो असं मानलं जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो जुना मालक आपल्यासोबत घेऊन जातो. आरसीवरचा चेसिस नंबर हँडलच्या मुळाशी फ्रेमवर ठोकलेल्या १७ अक्षरांशी एकेक अक्षर जुळवून बघा. ई-चलनं थकलेली आहेत का ते तिथेच मोबाइलवर तपासा. गाडीची दुसरी चावी मागा. ती ‘घरी कुठेतरी आहे’ असं उत्तर आलं तर चावी मिळाल्यावरच पैसे द्या.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात सगळे द्रव बदलून टाकावेत. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड, फोर्क ऑइल. सोबत एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग. डॉमिनारला तीन प्लग आहेत. तिन्ही बदला, वरचा हाताशी येतो म्हणून तोच नको. आधीच्या मालकाने सगळं नुकतंच बदललं असं सांगितलं असेल तरी बदला. यात त्याच्यावर अविश्वास नाही. आपल्याला एक तारीख आणि एक किलोमीटरचा आकडा हवा असतो, जिथून पुढचं सगळं आपण मोजणार आहोत.

यांतला ब्रेक फ्लुइड सर्वांत दुर्लक्षित. डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. भोरकडून वरंधा घाट उतरून महाडकडे जाताना मागे सामान, सहप्रवासी आणि सतत दाबलेला ब्रेक, एवढं जमलं की कॅलिपरमधलं ते पाणी उकळतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून लीव्हर अचानक पोकळ होतो. दोन वर्षांतून एकदा फ्लुइड बदलणं आणि घाट गिअरवर उतरणं, या दोन सवयींनी हा धोका जवळजवळ नाहीसा होतो.

चेनचं काम पूर्णपणे पांढऱ्या टॅगचं, आणि तरी सर्वांत जास्त गाड्या इथेच मार खातात. ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामध्ये ग्रीस भरून रबराच्या कड्यांनी ते बंद केलेलं असतं. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने चेन साफ केली की त्या कड्या खराब होतात, ग्रीस निघून जातं आणि चेन आतून झिजायला लागते. चेन ‘लांबली’ असं आपण म्हणतो तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. शंभरावर पिना थोड्या थोड्या झिजलेल्या असतात आणि त्या झिजेची बेरीज झालेली असते. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं कापड आणि मग दर पाचशे किलोमीटरला ल्यूब, पावसातून आल्यावर तर त्याच दिवशी. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढली आणि दातांपासून स्पष्ट सुटली, किंवा दात एका बाजूला वाकल्यासारखे दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे नवी चेन वाया घालवणं.

सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते टॉर्कबद्दल. लाइनवर प्रत्येक बोल्टला आकडा असतो आणि तो टॉर्क रेंचने गाठला जातो. तोच माणूस घरी साध्या पान्याने अंगात असेल तेवढा जोर लावतो. बोल्ट धरून ठेवतो तो आपल्या अतिसूक्ष्म ताणामुळे. घट्ट करताना पोलाद किंचित ताणलं जातं आणि परत आखडायला बघतं, त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण कमी पडला तर कंपनाने बोल्ट सुटतो. जास्त झाला तर पोलाद कायमचं लांबतं आणि धरून ठेवण्याची ताकदच संपते. ऑइलचा ड्रेन बोल्ट पोलादाचा आणि इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं; जोर जास्त झाला की आवरणातले आटे जातात. मग नवे आटे पाडून हेलिकॉइल बसवावं लागतं. भोसरीत ते काम उत्तम करणारे कारागीर आहेत, पण एका मिनिटाच्या घाईसाठी तिथे जायची वेळ येऊ नये. या कारागिरांकडून कॅरिअर, बॅगेचा स्टँड, हँडलचा रायझर जरूर करून घ्यावा. ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचा ॲक्सल मात्र कंपनीचेच घ्यावेत. त्यांच्या पोलादाची प्रत आणि उष्णता-प्रक्रिया नजरेने तपासता येत नाही.

टॉर्क रेंच, पॅडॉक स्टँड, चेन कटर ही हत्यारं एकट्याने घ्यायला महाग आणि वर्षातले बरेच दिवस पडून राहणारी. चार-पाच जणांनी मिळून घेतली तर प्रत्येकाला ती परवडतात आणि कामाच्या वेळी दुसरा हातही मिळतो. अनेक कारखान्यांना इथे गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. सकाळी गाडीचं काम आणि दुपारून छोटी फेरी, हा बेत शनिवार-रविवारच्या गर्दीपेक्षा कितीतरी चांगला. मावळातले रस्ते गुरुवारी मोकळे असतात.

नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीची पहिली फेरी लेह-लडाखची नसावी. राजगुरुनगर किंवा मंचरवरून भीमाशंकर, नाहीतर नारायणगाव-ओतूरवरून माळशेज. संध्याकाळी घरी परत. घाट आहे, खराब रस्ता आहे, आणि काही झालंच तर टेम्पो मागवण्याइतक्या अंतरावर आहे. सोबत एक तरी अनुभवी गाडी असू द्या. मागून चालणाऱ्याला तुमच्या मागच्या चाकाचं डुलणं, धूर, सैल बॅग हे तुमच्याआधी दिसतं. परतल्यावर गाडी धुण्याआधी नीट बघा. कुठे नवा ओघळ आहे, कुठला बोल्ट फिरला आहे, ते मातीच्या थरावरच सर्वांत स्पष्ट दिसतं. मग धुताना प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि कोनसेटवर थेट मारू नका.

लाल टॅगच्या कामासाठी एकच मेकॅनिक धरा आणि त्याच्याकडे उभं राहून काम बघा. चांगल्या मेकॅनिकला बघणाऱ्याची अडचण वाटत नाही. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, क्लच, सस्पेन्शन, एबीएसचा दिवा ही कामं मित्राच्या पार्किंगमध्ये शिकायची नाहीत.

आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला भाग टाकला, कुठला टॅग अजून बाकी आहे. मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल, पण कागदाची वही गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जाते. तुमची गाडीही कधीतरी विकली जाणार आहे, बहुतेक ओळखीतल्याच कुणाला तरी. तेव्हा त्याला वही द्या, दोन्ही चाव्या द्या, उरलेले लाल टॅग तोंडाने सांगा, आणि फॉर्म २९ स्वतः भरून आरटीओत दिल्याशिवाय चावी हातातून सोडू नका.